बॉर्डर भिंतीला लावूनच घेऊ नका

तुमचा प्रश्न असा आहे: १२ बाय १६ फुटांच्या होम थिएटरच्या खोलीत राखाडी वॉल-टु-वॉल कारपेट, आणि भिंतीलगत चारही बाजूंनी ४ इंचांची गडद निळी बॉर्डर. फिटर म्हणतो एका दिवसात होईल. काय काळजी घ्यावी? मी पुण्यात वीस वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी दोन्ही कर्ण मोजा. तुमच्या खोलीचा हिशोब सोपा आहे. गवंड्यांचा ३-४-५ चा नियम असा: बाजू ३ आणि ४ असतील तर काटकोनात कर्ण ५ येतो. १२ आणि १६ म्हणजे तोच चौपट केला, तेव्हा कर्ण बरोबर २० फूट यायला हवा. एक २० फूट आणि दुसरा १९ फूट १० इंच निघाला, तर खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात नाही. बहुतेक खोल्या नसतातच. एकरंगी कारपेट टाकलं तर हे जन्मात कुणाला कळत नाही, पण भिंतीलगत गडद पट्टी आली की पहिल्या नजरेत दिसतं. माझ्या सुरुवातीच्या एका कामात भिंत १६ फुटांत दीड इंच सरकलेली होती. मी बॉर्डर दोरीत सरळ लावली आणि भिंतीच्या कडेला कापली. एका टोकाला ४ इंच, दुसऱ्या टोकाला अडीच. घरातल्या आजींनी दारातूनच विचारलं, "ही पट्टी निमुळती का होत गेलीय?" सगळं उखडून पुन्हा केलं.

म्हणून भिंत आणि बॉर्डर यांच्यामध्ये राखाडीचीच साधारण ६ इंच पट्टी सोडा. भिंतीचा वाकडेपणा त्या पट्टीत जिरतो आणि निळी चौकट सगळीकडे ४ इंचच राहते. मुंबईच्या जुन्या इमारतींमधल्या सिमेंट टाइल्सच्या जमिनी आठवा. नक्षीची बॉर्डर भिंतीपासून आत असते, बाहेर साधी फरशी, आणि कापून बसवलेले तुकडे त्या साध्या फरशीत. ती माणसं हे पक्कं ओळखून होती.

चौकट आखताना भिंतीवरून माप घेऊ नका. खोलीचे मध्य काढून रंगाच्या दोरीने रेघा मारा, पडद्याच्या भिंतीला समांतर राहा, कारण बसल्यावर नजर तिथेच असते. बाहेरचा चौकोन १५ बाय ११ फूट येईल. त्याचे दोन्ही कर्ण सुतासूत जुळेपर्यंत ब्लेड हातात घेऊ देऊ नका.

आता लव. कट पाइलची, म्हणजे वरचे धागे कापलेल्या मखमलीसारख्या कारपेटची, लव एका दिशेला झोपते. हात फिरवला की एकीकडून गडद, दुसरीकडून फिकी. मखमलीचं कापड बेतताना शिंपी सगळे तुकडे एकाच दिशेने काढतो, तसंच इथे. चारही पट्ट्या रोलच्या लांबीत कापल्या तर कापड वाचतं, पण कोपऱ्यात दोन पट्ट्यांची लव काटकोनात येते आणि एकच निळा दोन रंगांचा दिसतो. १५ फुटी पट्ट्या लांबीत आणि ११ फुटी पट्ट्या पन्ह्यात काढा. १२ फुटी पन्ह्यात त्या अखंड निघतात. १५ फुटांपेक्षा थोडा जास्त पूर्ण पन्ह्याचा तुकडा घ्यावा लागेल आणि बराच उरेल, पण माझ्या मते हा खर्च वाचवू नये.

दोन्ही रंग एकाच कंपनीच्या एकाच क्वालिटीतले घ्या. जाडीत एका सुताचा फरक असला तरी अनवाणी पायाला लागतो, आणि उंच कड आधी झिजते.

कोपऱ्यासाठी गुण्या लावून ४५ अंश काढण्यापेक्षा जमिनीवर आतला आणि बाहेरचा कोपरा खूण करून तेच दोन बिंदू पट्टीच्या मागच्या बाजूला जोडा आणि मागूनच कापा. कापलेल्या प्रत्येक कडेला लेटेक्सचा सीलर लावायलाच सांगा. तो वाळायला वेळ लागतो म्हणून बरेच जण टाळतात, आणि वर्षभरात सांध्यातून धागे निघू लागतात.

ग्रिपर पट्टीवर (भिंतीलगत ठोकलेली, कारपेट धरून ठेवणारी खिळ्यांची लाकडी पट्टी) ताणून बसवायचा आग्रह फिटरने धरला तर नाही म्हणा. साध्या कारपेटला ती पद्धत उत्तम आहे, पण स्ट्रेचरने (कारपेट ताणायच्या अवजाराने) ओढलं की बॉर्डरची रेघ धनुष्यासारखी वाकते. पायाखाली मऊ हवं असेल तर दाट, कमी जाडीचं अंडरले (कारपेटखालचा मऊ थर) आधी जमिनीला चिकटवा आणि त्यावर कारपेट चिकटवा. गमचा वास उग्र असतो; खिडक्या उघड्या ठेवा आणि आसपास ज्योत नको. खुर्च्या काम संपल्याच्या दुसऱ्या दिवशीच आत न्या.

या सगळ्याला दोन दिवस लागतात. निळ्याचे उरलेले तुकडे देऊन टाकू नका. मागे लवेच्या दिशेचा बाण काढून गुंडाळून ठेवा. कधी चहा सांडला किंवा कोपरा उसवला, तर पट्टीचा तेवढाच भाग काढून नवा बसवता येतो, आणि तो त्याच रोलचा असेल तरच रंग जुळतो.