दोन कागद चुलीत, तिसरा माझ्याकडे

ताई,

यवतमाळ जिल्ह्यातून आलेलं तुमचं पाच पानी पत्र वाचलं. दोन वर्षांपूर्वी नवरा गेला, पाठोपाठ तुमचा एचआयव्हीचा रिपोर्ट आला. घरात फक्त सासूला माहीत आहे. मन मोकळं करायला जाऊबाईला सांगू का, असं विचारता. पण शेवटी कोपऱ्यात एक ओळ आहे: 'हे पत्र तीनदा लिहिलं, दोनदा चुलीत घातलं. त्या रात्री झोप लागली.' माझं उत्तर त्या ओळीला आहे.

जाऊबाईला आत्ता सांगू नका. तुमच्या पत्रात ती चारदा आली आणि चारही वेळा दुसऱ्याच्या घरातली गोष्ट घेऊन आली. विश्वासानं सांगितलेलं संमतीशिवाय फोडायला २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं मनाई आहे; पण पारावर पसरलेली गोष्ट कायदा गोळा करून आणत नाही.

तुम्ही लिहा. लागोपाठ चार दिवस, रोज २० मिनिटं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ पासून ही रीत तपासली. पुढे एचआयव्ही असलेल्या बायकांनाही धक्क्यातून सावरायला तिची मदत झाल्याचं दिसलं. गोळीची जागा मात्र ती घेत नाही, गोळी रोजच्या वेळेलाच.

'मी सातवी शिकलेली' हे पुन्हा सांगू नका. पाच पानं लिहिलीत ना! शुद्धलेखन सोडा, 'मले लय राग येते' असंच तोंडातलं लिहा. पेन थांबवायचं नाही. सुचलं नाही तर मागचीच ओळ परत लिहायची. आणि रागाचं लिहाच. पत्रात तेरवीचा खर्च रुपयांसकट आहे, तुमचा राग कुठंच नाही. नुसतं काय घडलं ते मांडून भार उतरत नाही. चारही दिवस तेच गाऱ्हाणं आलं तरी नाही. तिसऱ्या दिवसापासून 'कारण', 'आता समजते' असे शब्द यायला लागले पाहिजेत. नाही आले तर तोच प्रसंग सासूच्या नजरेतून लिहून पाहा.

निजायच्या आधी लिहू नका. लिहिल्यावर तास-दोन तास मन जड होतं, म्हणून घर रिकामं असतं ती दुपार धरा. छाती धडधडून हात कापायला लागले तर तो विषय तिथंच सोडा, दुसरा घ्या. जीव द्यावा असं मनात आलं तर वही बाजूला ठेवून लगेच १४४१६ या सरकारच्या मानसिक आधाराच्या नंबरला फोन करा. तो मोफत आहे.

कागद पोरीच्या जुन्या वहीतलेच, पण पिना उचकून मधली जोडपानं काढा, फाटल्याची खूण राहत नाही. वहीवर ठेवून लिहू नका, खालच्या पानावर ठसा उमटतो, पाटी घ्या. आजाराचं नाव नको, 'ते' पुरे. लिहून झालं की रोजचे कागद रोज खुशाल चुलीत घाला.

वेचणी लागली की दुपार तुमची राहणार नाही. त्याआधीचे चार दिवस धरा.