मांजर परत आली, मुदत परत येत नाही

प्रश्न: आमची मांजर दोन वर्षांपासून दिवसा बाहेर फिरते. तिने शेजाऱ्यांची दोन पाळीव कबुतरं मारली. त्यावरून भांडण झालं. 6 ऑगस्टला त्यांनी तिला पिंजऱ्यात पकडलं, पोत्यात घालून स्कूटरवरून नेलं आणि लांब कुठेतरी सोडून दिलं. 27 ऑगस्टला ती सापडली, अर्धी झालेली आणि मागचा एक पाय मोडलेला. पोलिसांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतली, पुढे काहीच नाही. सोसायटीत दोनदा बैठक झाली, तर उलट आम्हालाच ‘मांजर बाहेर सोडू नये’ असं पत्र मिळालं. मांजर बाहेर सोडणं गुन्हा आहे का? आणि शेजाऱ्यांवर केस करता येईल का?

उत्तर: तुमच्या पत्रावर 12 ऑक्टोबर ही तारीख आहे. बाकी सगळं बाजूला ठेवून मी आधी तीच पाहिली, कारण तुमची केस उभी राहणार की नाही हे त्या तारखेवर ठरणार आहे.

अशी पत्रं वरचेवर येतात. कुणाची मांजर उचलून नेलेली असते, कुणाच्या मांजरीवर उकळतं पाणी टाकलेलं असतं, आणि बहुतेक पत्रं घटनेनंतर सहा-आठ महिन्यांनी लिहिलेली असतात. पोत्यात कोंबून जनावर नेणं ही क्रूरता आहे का, हे मी पुन्हा समजावत बसत नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, 1960 च्या कलम 11 मध्ये ते आहे, आणि ते तुम्हालाही माहीत दिसतं. तुम्हाला माहीत नसलेलं कलम आहे 36. या कायद्याखालच्या गुन्ह्याचा खटला गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आतच दाखल व्हावा लागतो. गुन्हा 6 ऑगस्टचा, म्हणजे 5 नोव्हेंबर ही तुमची शेवटची तारीख धरा. मांजर सापडेपर्यंत गुन्हा चालूच होता, असा युक्तिवाद करून 27 ऑगस्टपासून दिवस मोजता येतील, पण तो मुदत हुकल्यावर करायचा युक्तिवाद आहे. आज त्याच्या भरवशावर राहू नका.

‘पण आम्ही एनसी केली होती ना!’ हे तुम्ही म्हणणार, सगळेच म्हणतात. एनसी म्हणजे खटला नव्हे. या कायद्यातले मोजकेच गुन्हे दखलपात्र, म्हणजे पोलिसांना स्वतःहून तपास करता येईल असे, आहेत: कलम 11 मधली (एल), (एन) आणि (ओ) ही उपकलमं, आणि कलम 12. जनावर सोडून देणं, ते यातना होतील अशा रीतीने वाहून नेणं, त्याला उपाशी ठेवणं हे त्यात बसत नाही. अशा प्रकरणात न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश आणल्याशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. म्हणून त्यांनी नोंद करून पावती हातात दिली आणि मोकळे झाले. त्या पावतीवर बहुधा ‘कोर्टात दाद मागावी’ अशा अर्थाची ओळही असेल. ती वाचायची सोडून तुम्ही सोसायटीच्या बैठकांना जाऊन बसलात. ऑगस्ट संपला, सप्टेंबर संपला आणि मुदत कुणासाठी थांबली नाही.

तर आता करायचं ते असं. वकील गाठा आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या संहितेच्या) कलम 223 खाली न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर थेट खाजगी फौजदारी तक्रार दाखल करा. ऑक्टोबर संपायच्या आत करा. मध्ये सुट्ट्या आहेत, आणि शेवटच्या दिवशी कोर्टाच्या कार्यालयाने एखाद्या तांत्रिक त्रुटीसाठी कागद परत केले तर तुमच्यासकट वकीलही धावपळ करत बसेल. न्यायदंडाधिकारी दखल कधी घेतील, म्हणजे तक्रार पुढे चालवायला कधी घेतील, याची काळजी करू नका. मुदतीसाठी तक्रार दाखल केल्याची तारीख मोजतात, दखल घेतल्याची नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2013 मध्ये सारा मॅथ्यू प्रकरणात स्पष्ट केलं आहे. हा निकाल नसता तर तुमच्यासारख्यांचं कठीण होतं, कारण नव्या संहितेनुसार दखल घेण्याआधी आरोपीलाही म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. नोटीस, वकीलपत्र, तारीख, पुन्हा तारीख यात किती महिने जातील हे मी लिहून देऊ शकत नाही. उशीर माफ करून घेण्याची तरतूद सर्वसाधारण फौजदारी कायद्यात आहे. ती कलम 36 च्या तीन महिन्यांना लावून घेता येईल की नाही, हे तुमच्या खर्चाने तपासून पाहायची गरज नाही.

आता शेजारी काय म्हणतील? पहिलं म्हणणं ठरलेलं असतं: ‘मला वाटलं भटकी आहे.’ तुमच्याच पत्रानुसार मांजरीच्या गळ्यात पट्टा नव्हता, लसीकरणाचं पुस्तक तुमच्याकडे नाही, कातडीखाली बसवायची ओळखीची चिप नाही. दोन वर्षं जनावर बाहेर सोडायचं आणि ते आपलं आहे याचा एक कागद घरात नाही, याला काय म्हणावं! तरी दोन गोष्टी तुमच्या बाजूने आहेत. एक म्हणजे सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुम्ही रागाने टाकलेला मेसेज: ‘हो, माझीच मांजर आहे, काय करायचं ते करा.’ असले मेसेज टाकू नयेत असं मी एरवी सांगतो, पण इथे तुमची मालकी आणि ती शेजाऱ्यांना माहीत होती, या दोन्ही गोष्टी त्यातून सिद्ध होतात, कारण त्याखाली त्यांचंच उत्तर आहे की ‘एक दिवस सोडून येईन.’ तो मेसेज पुसू नका, तो फोन बदलू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं) प्रमाणपत्र जोडल्याशिवाय नुसत्या स्क्रीनशॉटला कोर्टात फारसा अर्थ नसतो. गेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण एव्हाना पुसलं गेलं असेल. कुणी ते मोबाइलवर उतरवून घेतलं असेल तर ज्याने उतरवलं त्याचं नाव आजच टिपून ठेवा.

दुसरी गोष्ट खुद्द कायद्यातच आहे. कलम 2 मधल्या व्याख्येप्रमाणे, प्राणी ज्याच्या ताब्यात आहे तो त्या वेळेपुरता त्याचा मालकच, मग तो ताबा खऱ्या मालकाच्या संमतीने असो वा नसो. म्हणजे पिंजऱ्याचं दार पडलं त्या क्षणी मांजरीच्या अन्नपाण्याची आणि निवाऱ्याची जबाबदारी शेजाऱ्यांवर आली. आणि सोडून देण्याच्या गुन्ह्यासाठी तर मांजर कुणाची हा प्रश्नच येत नाही. कलम ‘कोणताही प्राणी’ म्हणतं. त्यामुळे भटकी असल्याचा बचाव खरा मानला, तरी इथे त्यांची सुटका होत नाही.

कबुतरांचा मुद्दा मात्र ते जोरात मांडतील, कारण सोडून देणं ‘वाजवी कारणाशिवाय’ असेल तरच तो गुन्हा ठरतो. माझ्या मते पाळलेली कबुतरं मारली गेली हे मांजरीला हुसकावायला, कबुतरखान्याला जाळी लावायला किंवा तुमच्याकडे भरपाई मागायला वाजवी कारण आहे. अनोळखी जागी तिला उपाशी मरायला सोडण्यासाठी ते कारण चालू नये. सगळे न्यायाधीश असंच पाहतील, असं मी म्हणत नाही.

शिक्षेबद्दल तुमची निराशा होईल, म्हणून आताच सांगतो. कलम 11 खाली पहिल्या गुन्ह्याला दंड आहे 10 ते 50 रुपये. होय, रुपये. 1960 साली लिहिलेला आकडा आजही तसाच आहे. तीन वर्षांच्या आत पुन्हा गुन्हा केला तर 25 ते 100 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ‘मग कशाला एवढा खटाटोप?’ हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर तुम्हीच ठरवायचं. मी दाखल करा म्हणेन, कारण पहिली शिक्षा नोंदली गेली तरच दुसऱ्या वेळी कैदेचा प्रश्न येतो, आणि तुमची मांजर अजून त्याच इमारतीत राहते.

मोठी शिक्षा भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 मध्ये आहे. प्राण्याला ठार मारणं, विष घालणं किंवा कायमचं अपंग करणं यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद. हा गुन्हा दखलपात्र आहे आणि तीन महिन्यांची अट त्याला नाही. पण पाय पोत्यात मोडला, स्कूटरवर मोडला की पुढच्या तीन आठवड्यांत कुठल्या गाडीखाली मोडला? डॉक्टरांच्या केसपेपरवर जखम किती जुनी होती आणि लंगडेपण कायमचं आहे का, हे लिहिलेलं नसेल तर हे कलम टिकवणं अवघड आहे. चोरीचं कलम मी सुचवणार नाही. मांजर स्वतःजवळ ठेवायची त्यांची इच्छाच नव्हती, आणि त्यावर वाद घालण्यात तुमचा वेळ जाईल.

राहिला पहिला प्रश्न. मांजर बाहेर सोडणं हा आपल्या फौजदारी कायद्यात आपोआप गुन्हा होत नाही. शेजाऱ्याची कबुतरं आणि कोंबड्या मारणाऱ्या मांजरीच्या मालकाला जबाबदार धरता येत नाही, असं इंग्लंडच्या अपील न्यायालयाने 1926 मध्ये बकल विरुद्ध होम्स या खटल्यात म्हटलं होतं. आपल्या कोर्टांवर ते बंधनकारक नाही, पण वकील अजून दाखवतात. आज मात्र वारं दुसरीकडे वाहतंय. जर्मनीतल्या वाल्डोर्फ गावात 2022 मध्ये चंडोल पक्ष्याच्या एका दुर्मीळ जातीला वाचवण्यासाठी गावाच्या काही भागातल्या मांजरी उन्हाळाभर घरात ठेवायचा आदेश निघाला होता. आपल्याकडेही काही शहरांत पाळीव मांजरीची नोंदणी सक्तीची आहे, तेव्हा तुमच्या महापालिकेचा नियम पाहून घ्या. संसर्गजन्य रोग झालेलं जनावर जाणूनबुजून रस्त्यावर मोकळं सोडणं मात्र मालकाचाच गुन्हा आहे, त्याच कलम 11 खाली. लस न दिलेली मांजर उद्या कुणाला चावली तर आज तुम्ही तक्रारदार आहात, तेव्हा आरोपी असाल.

माझं मत विचाराल तर लस, नसबंदी आणि चिप यांशिवाय मांजर दाराबाहेर जाऊ देऊ नये. तिच्या स्वातंत्र्याबद्दल प्राणिप्रेमींनी वाद घालावा. मला कोर्टात ती तुमची होती हे सिद्ध करावं लागतं.

सोसायटीच्या पत्राचं वजन उपविधीत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, तशी तरतूद आहे का, यावर ठरेल. पत्रावर ठरावाचा क्रमांक नसेल तर तो लेखी मागा, पण हे सगळं तक्रार दाखल झाल्यानंतर. त्याआधी कुठल्याही बैठकीला जाऊ नका. गेलात तर ‘आपसात मिटवा’ म्हणत ते तुम्हाला नोव्हेंबरात नेऊन सोडतील.