जन्मठेप म्हणजे १४ वर्षं आणि मग मोकळा?

प्रश्न: ताई, आमच्या चाळीत सध्या रोज रात्री यावरून वाद होतो. बाबा म्हणतात खुन्याला फाशीच पाहिजे, जन्मठेप म्हणजे १४ वर्षं फुकटचं जेवण. खरंय का? – एक वाचक, लालबाग

उत्तर: तुझ्या बाबांचा राग मला कळतो, पण ते १४ वर्षांचं खरं नाहीये. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत जेल. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात साधारणपणे १४ वर्षं भरल्याशिवाय सरकारला सोडता येत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ, म्हणजे १४ व्या वर्षी गेट आपोआप उघडतं असं नाही. सुप्रीम कोर्टाच्या २००८ च्या एका निकालापासून तर फाशीऐवजी आयुष्यभर जेल आणि लवकर सुटकेची सवलत नाही, असंही कोर्ट सांगू शकतं. आणि फाशी, सुप्रीम कोर्टाच्या १९८० च्या बच्चन सिंग केसपासून फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ केसमध्ये.

कसाबला २०१२ ला येरवड्यात फाशी दिली तेव्हा मलाही वाईट वाटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. पण माझी झोप उडवते ती वेगळीच केस, आपल्या महाराष्ट्रातल्याच ६ जणांना सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये फाशीची शिक्षा दिली आणि ती अमलात यायच्या आधी २०१९ मध्ये त्याच कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, तोवर १६ वर्षं जेलमध्ये गेली होती रे. मधल्या काळात फास आवळला असता तर सोडणार कुणाला होते? म्हणून मी जन्मठेपेच्या बाजूची. बाबांना आज ही केस सांग आणि काय म्हणतात ते कळव.