अथेन्सला जाशील तेव्हा सांधे बघ

चि. पोरी,

अथेन्सला एकच दिवस मिळतोय म्हणून कुरकुरू नकोस. पुरेसा आहे, फक्त ती वीस ठिकाणांची यादी फाडून टाक.

अक्रोपोलिस म्हणजे जुन्या देवळांची टेकडी. तिचं फाटक उघडतं तेव्हाच वर चढ. रबरी तळाचे बूट घाल. पावलांनी घासून तिथला संगमरवर पार गुळगुळीत झालाय. तिथल्या मोठ्या देवळाच्या, पार्थेनॉनच्या, पायरीच्या एका कोपऱ्याला वाकून दुसऱ्या टोकाकडे नजर लाव. पायरी मधोमध किंचित उचललेली दिसेल. इक्टिनोस आणि कॅलिक्रेटीस या वास्तुकारांनी ख्रिस्तपूर्व 447 मध्ये काम सुरू केलं, आणि हा बाक मुद्दाम ठेवला.

मग सांधे बघ. मधाच्या रंगाच्या जुन्या दगडात मध्येच पांढराशुभ्र तुकडा दिसेल. तो नवा, पण त्याच पेंटेली डोंगरातला. जुने कारागीर चिरे लोखंडी क्लॅम्पनं जोडत आणि वरून शिसं ओतत, म्हणजे गंज चढत नसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निकोलाओस बालानोस यांनी डागडुजी करताना लोखंड घातलं, पण शिसं ओतलं नाही. लोखंड गंजून फुगलं आणि संगमरवर आतून तडकला. 1687 मध्ये व्हेनिसच्या तोफेमुळे आत साठवलेल्या दारूगोळ्याला आग लागून देऊळ उडालं, हे गाईड रंगवून सांगतो. बालानोसचं सहसा सांगत नाही. गेली काही दशकं ते लोखंड काढून टायटॅनियम बसवणं चाललंय.

मीही एकदा बालानोस झालोय. एका वाड्याच्या चुन्यातल्या भिंतीत सिमेंट भरलं. ओल आत कोंडली, दोन पावसाळ्यांत विटांचा भुगा व्हायला लागला. मालकीणबाई चकार शब्द बोलल्या नाहीत, चहा मात्र दिला. तो चहा अजून घशात अडकलाय.

ऊन चढलं की अगोरात, म्हणजे जुन्या बाजारचौकात, उतर. हेफेस्टसचं देऊळ शतकानुशतकं चर्च म्हणून वापरात होतं, म्हणून इतकं शाबूत राहिलं. अ‍ॅटॅलोसचा स्टोआ, म्हणजे खांबांची लांब ओसरी, मात्र 1950 च्या दशकात नव्यानं उभा केलेला. आतल्या संग्रहालयात नावं कोरलेली खापरं आहेत: मतदानात नाव निघालं की त्या माणसाला 10 वर्षं हद्दपारी. अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीस, त्याचं नाव शोध.

शेवटी केरामेकोस. जुना कुंभारवाडा आणि दफनभूमी. गर्दी कमी, गवतात कासवं फिरतात. तिथे वही काढ. हेगेसो नावाच्या बाईच्या थडग्यावरचा दगड नक्कल आहे, अस्सल राष्ट्रीय संग्रहालयात ठेवलाय. कुणी सांगितलं नसतं तर नक्कल कशावरून ओळखली असतीस, ते मला लिहून पाठव.

तुझे
सर