अमेरिकेत अध्यक्षपद गमावल्यावर मध्यावधी निवडणुकीसाठी पक्षाची रणनीती काय असावी?

मध्यावधी निवडणूक म्हणजे अध्यक्षाच्या चार वर्षांच्या कारकिर्दीच्या मध्यावर होणारी संसदेची निवडणूक. तीत विरोधकांना निम्मे मुद्दे नवा अध्यक्षच पुरवतो; त्यांतले नेमके कोणते उचलायचे, एवढेच पक्षाच्या हाती असते. यावरून माझा आणि माझ्या साडूंचा वाद २०१८पासून चालू आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

त्या वर्षी, रिपब्लिकन पक्षाचे ट्रम्प अध्यक्ष असताना, आम्ही दोघे न्यू जर्सीच्या अकराव्या मतदारसंघात, पार्सिपनी भागात, डेमोक्रॅटिक पक्षाच्या मिकी शेरिल यांच्यासाठी दारोदारी फिरत होतो. प्रत्येक घरी ट्रम्प आणि रशिया (म्हणजे २०१६च्या निवडणुकीतील रशियन हस्तक्षेप) हाच विषय काढावा, असा साडूंचा आग्रह होता. मी २०१७च्या करकायद्यावर बोलत असे, कारण त्याने राज्य व स्थानिक करांची वजावट १० हजार डॉलरवर आणून ठेवली होती आणि आमच्याकडे कित्येक घरांचा नुसता मालमत्ता करच त्याहून अधिक भरतो. आयुष्यभर रिपब्लिकन पक्षाला मत देणारे एक वयस्कर गृहस्थ साडूंचे पहिले वाक्य ऐकूनच दार लावू लागले. मी त्यांना मालमत्ता कराविषयी विचारले, तेव्हा ते बाहेर येऊन पायरीवर बसले आणि बराच वेळ बोलत राहिले. परतताना साडू म्हणाले, "तुम्ही मत मागायला आला होता की रिटर्न भरून द्यायला?"

शेरिल निवडून आल्या. प्रतिनिधिगृहाच्या, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, राज्यातल्या १२पैकी ११ जागा डेमोक्रॅटिक पक्षाला मिळाल्या. तिसऱ्या मतदारसंघात अँडी किम यांनी टॉम मॅकआर्थर यांना हरवले, तेही मुख्यतः आरोग्यविम्याच्या प्रश्नावर. ओबामांचा आरोग्य कायदा मोडणारे विधेयक प्रतिनिधिगृहात तगले, ते मॅकआर्थर यांच्याच दुरुस्तीमुळे.

उमेदवारही मतदारसंघाला मानवणारा हवा. डेमोक्रॅटिक पक्षाचे ओबामा अध्यक्ष असताना २०१०मध्ये रिपब्लिकनांनी प्रतिनिधिगृहात ६३ जागा वाढवल्या, पण डेलावेअर आणि नेवाडात कट्टर समर्थकांच्या आवडीचे उमेदवार देऊन सिनेटच्या, म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या, हाताशी आलेल्या जागा घालवल्या. समर्थकांच्या संतापातून देणग्या आणि स्वयंसेवक जरूर मिळवावेत. उमेदवारी मात्र त्या भरात देऊ नये.

अर्थात, ट्रम्प यांच्यावरचा राग नसता तर साडूंसारखे लोक प्रचाराला घराबाहेर पडलेच नसते, हे मान्य करायला हवे. शिवाय सिनेटमध्ये कोणत्या राज्यांत निवडणूक आहे यावर बरेच ठरते. २०१८मध्येच डेमोक्रॅटिक पक्षाच्या तिथल्या २ जागा घटल्या. न्यू जर्सीच्या मतदारसंघ क्रमांक दोनमध्ये आमच्या पक्षातून जिंकलेले मवाळ जेफ व्हॅन ड्रू पुढे रिपब्लिकन पक्षात गेले, हेही साडू मला दर दिवाळीला ऐकवतात. ते गेल्यावरही प्रतिनिधिगृहातले बहुमत आमचेच राहिले, यावर मात्र त्यांनी आजवर काही म्हटलेले नाही.