असेंबल केलेल्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसरचं आणि कॅबिनेटचं खरं तापमान कसं मोजायचं?

तुमची अडचण अशी आहे: नागपुरात मे महिन्यात प्रोसेसर ८८ अंशांवर जातो, बायोस (विंडोज सुरू होण्याआधी उघडणारं मदरबोर्डचं सेटिंग) वेगळाच आकडा दाखवतं, दोन सॉफ्टवेअरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत आणि कॅबिनेटच्या आतलं तापमान म्हणून दिसणारा आकडा तर हलतच नाही. मग खरं कोणतं मानायचं?

मी आधी उलट विचारतो. तो ८८ दिसला तेव्हा तुमच्या खोलीत किती होतं? कॅबिनेटच्या पुढच्या जाळीतून आत जाणारी हवा किती अंशांची होती? हा आकडा हाताशी नसेल तर ८८ चा अर्थच लागत नाही. पंख्याच्या हवेवर थंड होणारा प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. तो खोलीच्या वर किती चढेल, एवढंच हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरवर बसवलेल्या धातूच्या पात्यांच्या ठोकळ्याच्या, हातात असतं.

मी वरच्या मजल्यावर राहतो. आमचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकरा-बारापर्यंत ती उष्णता खोलीत सोडत राहतो. माझ्या मशीनवर डिसेंबरात खोली २० वर असताना एक ठरावीक काम ६६ दाखवतं, नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) खोली ४० वर असताना तेच काम ८७ दाखवतं. फरक ४६ आणि ४७. म्हणजे मशीन जसं होतं तसंच आहे. हे लक्षात यायच्या आधी एका उन्हाळ्यात मी दोनदा प्रोसेसर आणि हीटसिंकमधली पेस्ट बदलली आणि मोठा हीटसिंक विकत आणला. ते पैसे वाया गेले याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी सॉफ्टवेअर. इंटेलच्या प्रोसेसरमधला सेन्सर खरं तर 'कमाल मर्यादेपासून मी किती अंश खाली आहे' एवढंच सांगतो. बऱ्याच डेस्कटॉप मॉडेलांत ही मर्यादा १०० असते, आणि सॉफ्टवेअर त्यातून वजाबाकी करून आकडा दाखवतं. हे सेन्सर मर्यादेजवळ भरवशाचे असतात, मशीन रिकामं बसलेलं असताना तितके नसतात. त्यामुळे रिकाम्या मशीनचा ३८ की ४१ यावर डोकं शिणवू नका. एएमडीच्या पहिल्या पिढीतल्या रायझन १७००एक्स आणि १८००एक्समध्ये तर पंख्यांसाठी दिलेल्या आकड्यात मुद्दाम २० अंश मिळवलेले होते. एका सॉफ्टवेअरने ते वजा केले, दुसऱ्याने केले नाहीत, की घोळ होणारच. बायोसमध्ये आकडा जास्त दिसतो, कारण तिथे विंडोजसारखी वीज वाचवण्याची सोय चालू नसते आणि प्रोसेसर पूर्ण झोपत नाही.

एका वेळी एकच सॉफ्टवेअर चालवा. मदरबोर्डवरच्या सेन्सरच्या चिपला दोघांनी एकाच वेळी विचारलं की मधेच भलते आकडे येतात. मी एचडब्ल्यूइन्फो वापरतो, लिनक्सवर एलएम-सेन्सर्स. त्यात प्रोसेसर पॅकेजचा, म्हणजे अख्ख्या प्रोसेसर चिपचा, आकडा आणि त्याच्या शेजारी पॅकेज किती वॅट खातंय ते बघा. यादीतल्या काही ओळी, उदाहरणार्थ उणे आकडे किंवा कायम १२७, अशा जोडण्यांच्या असतात ज्यांच्या टोकाला सेन्सरच नाही. तुमचा न हलणारा आकडा बहुधा त्यातलाच. तो खरा असला तरी मदरबोर्डच्या एका कोपऱ्याचा असेल, कॅबिनेटमधल्या हवेचा नाही.

म्हणून हवेसाठी वेगळा थर्मामीटर हवाच. माशांच्या टाकीसाठी वायरच्या टोकाला सेन्सर असलेला स्वस्त डिजिटल थर्मामीटर मिळतो, तो चालतो. बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मल्टिमीटरचा थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी वायर, मिळेल, पण साध्या के-टाइप थर्मोकपलमध्ये दोनेक अंशांची चूक धरूनच चालायचं. दोन थर्मामीटर घ्या आणि आधी पारखा. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि तो जेमतेम भिजेल इतकंच पाणी घाला, ढवळत राहा, दोन्ही टोकं मधोमध धरा: शून्य यायला हवं. मग कोमट पाण्यात दोन्ही एकत्र बुडवून एकमेकांशी किती जुळतात ते लिहून ठेवा. उकळत्या पाण्याने पारखायचं असेल तर आधी थर्मामीटर तितकं तापमान सोसतो का ते बघा, आणि १०० ची अपेक्षा ठेवू नका. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंच आहे, इथे पाणी ९९ च्या आसपास उकळतं.

ताप बघायची इन्फ्रारेड गन इथे कामाची नाही. चकचकीत अॅल्युमिनियमवर साधी इन्फ्रारेड गनसुद्धा खूप कमी आकडा दाखवते. साधी गन वापरायचीच असेल तर हीटसिंकवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर धरा.

आता मोजणी. एक टोक पुढच्या पंख्यासमोर, जाळीच्या बाहेर दोन-तीन सेंटिमीटरवर. दुसरं कॅबिनेटच्या आत, प्रोसेसरच्या पंख्यात जिथून हवा शिरते तिथे. ते हवेत लोंबतं ठेवा, धातूला टेकू देऊ नका, ग्राफिक्स कार्डाच्या पाठीजवळ नको, आणि वायर पंख्याच्या पात्यात जाणार नाही अशी बांधा. पंख्यांचा वेग बायोसमधून एका जागी बांधून टाका, नाहीतर तुम्ही तापमानाऐवजी पंख्याचा स्वभाव मोजत बसाल. मग सिनेबेंचसारखा लोड, म्हणजे प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणारं सॉफ्टवेअर, सलग वीस-पंचवीस मिनिटं चालू द्या. पहिल्या पाच मिनिटांचे आकडे सोडून द्या, तेव्हा हीटसिंक आणि पत्रा तापतच असतात. पाच मिनिटं आकडा अंशभरही सरकला नाही की चार गोष्टी लिहा: बाहेरची हवा, आतली हवा, पॅकेज, वॅट.

माझ्याकडे गेल्या मे महिन्यात बाहेर ४०, आत ४७, पॅकेज ८७ आलं. म्हणजे ४७ अंशांच्या चढात ७ कॅबिनेटचे आणि ४० हीटसिंकचे. ते ७ मला जास्त वाटले. बाजूचा पत्रा काढून तीच मोजणी पुन्हा केली तर पॅकेज ८१ वर आलं. कॅबिनेट टेबलाखाली भिंतीला चिकटून उभं होतं आणि मागून निघालेली गरम हवा फिरून पुढून आत शिरत होती. हातभर पुढे ओढल्यावर पत्रा लावूनही ८३ वर थांबलं, खर्च शून्य. पत्रा काढून अंश-दोन अंशांचाच फरक पडला असता, तर मी पेस्ट आणि हीटसिंकची पकड बघितली असती.

हिशेब पडताळायला एक अंदाज उपयोगी पडतो: मशीन ३०० वॅट खात असेल आणि कॅबिनेटमधून मिनिटाला ६० घनफूट हवा खरोखर वाहत असेल, तर मागून बाहेर पडणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा साधारण ९ अंशांनी गरम असते. तुमच्याकडे १८ येत असतील तर जाळीत धूळ बसली आहे किंवा एखादा पंखा उलटा लागलाय.

डेझर्ट कूलर लावला असेल तर मोजताना तो चालू की बंद हेही लिहा. खसच्या ताट्या ओल्या झाल्या की कोरड्या मे महिन्यात खोली सहज आठ-दहा अंश उतरते आणि सगळे आकडे तिच्यामागे उतरतात. कॅबिनेट मात्र कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. पाण्याचे बारीक तुषार आणि ओलसर धूळ हीटसिंकच्या पात्यांवर घट्ट बसते.

तुमच्या ८८ बद्दल: खोली ४२ असेल तर तो मला ठीक वाटतो. रायझन ७००० मालिकेतली एक्स मॉडेलं पूर्ण लोडवर ९५ पर्यंत जाण्यासाठीच बनवली आहेत. पण खोली २८ असताना ८८ येत असेल तर आजच बाजूचा पत्रा काढून बघा. चारही आकडे आणि प्रोसेसरचं मॉडेल खाली लिहिलंत तर मी नक्की बघेन.