मालेगावात मुलांसाठी तंत्रज्ञान आणि उद्योजकतेचं केंद्र सुरू करतोय. रोबोटिक्सचे किट घ्यावेत की संगणक?

तुम्ही लिहिलंय की मुलं उर्दू माध्यमाची आहेत, बहुतेकांच्या घरी यंत्रमागाचं काम आहे आणि देणगी एकदाच मिळणार आहे. मग सुरुवातीला दोन्ही घेऊ नका. वेल्डिंग मशीन, ड्रिल, मल्टिमीटर, व्हर्नियर आणि चांगली हत्यारं घ्या, आणि वस्तीतून येणाऱ्या खऱ्या कामांवर शिकवा.

मी स्वतः पाबळच्या विज्ञान आश्रमात शिकलो. शिरूर तालुक्यातल्या या गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तो सुरू केला. अमेरिकेतली डॉक्टरेट आणि हिंदुस्तान लीव्हरमधली संशोधनाची नोकरी मागे ठेवून ते तिथे आले होते. गावाला लागणारी कामं मुलांनी करायची, सामानाचे पैसे गावाने द्यायचे आणि शिकवायला गावातलेच कारागीर घ्यायचे, अशी पद्धत. पुढे ती शाळांमध्येही गेली. संगणकावर आखून वस्तू बनवणारी फॅब लॅब तिथे २००२ साली आली, म्हणजे हातकामाला जवळजवळ वीस वर्षं झाल्यावर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

मालेगावात ही पद्धत मागावर बेतता येईल. साध्या मागावर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला तरी माग चालूच राहतो आणि कापडात दोष पडतो. तो थांबवायची युक्ती सोपी आहे. प्रत्येक धाग्यावर एक हलकी धातूची पट्टी लटकते, धागा तुटला की ती खालच्या दांडीवर पडते, सर्किट पूर्ण होतं आणि रिले, म्हणजे विजेने चालणारा स्विच, मोटर बंद करतो. मुलांनी हे आधी लाकडी चौकटीवर, बारा व्होल्टवर करावं. तीन फेजच्या लाइनला हात फक्त जाणत्या माणसाने लावायचा. शिकवायला एखादा अनुभवी जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, मानधनावर बोलवा. तो कोणत्याही किटपेक्षा जास्त देईल, आणि आपल्याच मोहल्ल्यातला माणूस ‘सर’ झालेला मुलं पाहतील.

उद्योजकता म्हणून बिझनेस प्लॅनचे फॉर्म भरून घेऊ नका. हिशेब शिकवा. लोखंडी स्टँड केला तर सामान, वीज, वाया गेलेला तुकडा आणि स्वतःची मजुरी धरून तो कितीला पडला? घरी कांड्या भरणाऱ्या आईला तासाला किती पडतात, हे मुलींना काढू द्या. त्या आकड्यावर वर्गात जी चर्चा होईल, तेवढं कुठलंच पुस्तक शिकवणार नाही.

भांडवलाचा धडाही वेगळा लागेल. मुस्लिमांमध्ये स्वयंरोजगाराचं प्रमाण जास्त आणि बँकेचं कर्ज मात्र कमी पोहोचतं, हे मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सरकारच्या सच्चर समितीने २००६ सालीच नोंदवलं. त्यात अनेक कुटुंबं व्याज टाळतात. त्यामुळे नुसता कर्जाचा अर्ज शिकवून भागत नाही. ग्राहकाकडून आगाऊ रक्कम कशी घ्यायची, भागीदारी कागदावर कशी आणायची, जुनं मशीन कसं पारखायचं, बीसीचा, म्हणजे भिशीचा, पैसा केव्हा लावायचा, हे सगळं अभ्यासक्रमात हवं.

अल्पसंख्याक तरुणांना कौशल्य शिकवणाऱ्या सरकारच्या ‘सीखो और कमाओ’ योजनेत किमान ७५ टक्के प्रशिक्षणार्थींना काम मिळवून द्यायची अट होती, त्यातही निम्मी कामं संघटित क्षेत्रातली. हेतू चांगलाच होता, पण मालेगावात संघटित नोकऱ्या आहेतच किती? तुम्ही यश मोजताना नोकरीबरोबर मुलांनी स्वतः मिळवलेल्या ऑर्डरीही मोजा, आणि देणगीदारांना हे पहिल्याच बैठकीत सांगा.

जागा मुलींना चालत येता येईल अशीच बघा. एक तरी शिक्षिका हवी, शुक्रवार आणि रमजान धरून वेळापत्रक हवं. शिकवणं उर्दूत होऊ द्या, पण बिल, कोटेशन आणि वीजजोडणीचा अर्ज मराठीत लिहायचा सराव पहिल्या महिन्यापासून घ्या. हे हाताने लिहिणं जमलं की मग संगणक आणा, या कामासाठीच.